मराठी प्रकाशकांना सांगलीतून खुलं पत्र: नव्या पुस्तकाची पीडीएफ चोरीच, पण तुम्ही छापतच नाही त्या पुस्तकाचं काय?

सर्व मराठी प्रकाशकांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीतल्या गावभागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र कार्यकारिणीचा ठराव करून लिहिलेलं नाही, माझं स्वतःचं आहे आणि मतंही माझीच आहेत. विषय पीडीएफचा. सध्या व्हॉट्सॲपवर एक पोस्टर फिरतंय, वर लाल अक्षरात 'सावधान', खाली पुस्तकाची पीडीएफ फॉरवर्ड करणं गुन्हा आहे, तीन वर्षं तुरुंग, दोन लाख दंड, वगैरे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते स्टेटसला ठेवलंय. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर आल्यापासून रोज कोणी ना कोणी टेबलापाशी येऊन त्याबद्दल विचारतंय. एक रिटायर्ड शिक्षक तर खरंच घाबरून आले होते, त्यांनी पुण्याच्या नातीला एका जुन्या पुस्तकाची पीडीएफ पाठवलेली, कधीच बाजारातून गेलेलं पुस्तक, आणि आता पोलीस घरी येतील का म्हणून विचारत होते. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तेच आता तुमच्यासमोर मांडायचंय, जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

पोस्टरवर लिहिलंय ते खोटं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ६३, जाणूनबुजून हक्कभंग केला तर कमीत कमी सहा महिने ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. त्याच कलमात पुढे असंही आहे की धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, ते मात्र पोस्टरवर नाही आणि ते यायला हवं होतं, कारण पोस्टर वाचणारे लोक धंदा करणारे नाहीत, घरात बसून फॉरवर्ड करणारे आहेत.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी नव्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणं वाईटच आहे, यात मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही. आज मराठीत आवृत्ती निघते ती हजाराची, कित्येकदा पाचशेचीच. समजा तीनशे रुपयांचं पुस्तक आहे आणि रॉयल्टी दहा टक्के, तर एका प्रतीमागे लेखकाला तीस रुपये, पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी पंधरा हजार, तेही दोन-तीन वर्षांत मिळून, आणि त्या पुस्तकासाठी माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून गावोगाव फिरलेला असतो. असं पुस्तक बाजारात आल्या आल्या कोणीतरी मोबाइलच्या ॲपनं पान न् पान स्कॅन करतो, टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकतो, आणि खाली लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, 'सुंदर उपक्रम', 'ज्ञानदान'. हे कसलं ज्ञानदान, हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आहे. ज्याला पुस्तक फुकट द्यायचंय त्यानं ते विकत घेऊन द्यावं, नाहीतर वाचनालयाला द्यावं, आम्ही शंभर जणांना वाचायला देऊ. आमच्या ग्रुपवर चालू पुस्तकाची पीडीएफ आली की मी डिलीट करते आणि टाकणाऱ्याला फोन करून का डिलीट केली तेही सांगते. काही लोक रागावून ग्रुप सोडून गेले, जाऊदेत.

म्हणजे इथपर्यंत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. आता माझ्या बाजूचं ऐका.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, सांगलीकराला हा आकडा सांगावा लागत नाही पण बाहेरच्यांसाठी सांगते, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड सगळं पाण्यात. आमच्या वाचनालयाचा तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर गेलो तर दार आत ढकललंच जाईना कारण मागं रॅक आडवे पडलेले. पुस्तक भिजलं की फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण दाटीनं लावलेली पुस्तकं एकदम फुगली की ती लोखंडी रॅकच्या बाजूसुद्धा बाहेर वाकवतात, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. एकेक पुस्तक ओढून निघत नव्हतं, अख्खी ओळ रेटून बाहेर पाडावी लागत होती. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं तर घट्ट वीट झालेली, त्या कागदावरचा लेप पाण्यानं सुटतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात, मग सुरी घातली तरी फाटतात, सुटत नाहीत. साध्या कागदाची थोडी वाचली. दोऱ्या बांधून त्यावर पालथी घातली, पंखे लावले, पानांत कोरे कागद घातले, पण बऱ्याच पुस्तकांना तोवर काळी-हिरवी बुरशी धरलेली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा बरीच पुस्तकं वरच्या मजल्यावर होती म्हणून निभावलं.

दाखल रजिस्टर वरच्या कपाटात होतं म्हणून काय काय गेलं ते कळलं तरी. त्यावरून यादी केली आणि पत्रं पाठवली, फोन केले. इथं एक सांगायलाच हवं, महाराष्ट्रभरातून लोकांनी पुस्तकं पाठवली, तुमच्यापैकी काहींनी खोकीच्या खोकी मोफत दिली, ट्रान्सपोर्टचा खर्चसुद्धा घेतला नाही, ते उपकार आहेत आणि आम्ही ते विसरणार नाही. नवी पुस्तकं, गाजलेली पुस्तकं, दर दोन वर्षांनी आवृत्ती निघते ती पुस्तकं, हे सगळं परत आलं. आलं नाही ते बाकीचं. जुन्या सातारा जिल्ह्यात बेचाळीसनंतर इंग्रजांविरुद्ध चाललेल्या प्रतिसरकारात काम केलेल्या माणसांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींची लहान लहान पुस्तकं, संगीत नाटकातल्या नटांवरचे लेख, तमाशाच्या फडांबद्दल, सांगली संस्थानाबद्दल, इथल्या हळदीच्या पेठेबद्दल कोणी हौसेनं लिहून ठेवलेलं. यांची एकच आवृत्ती निघालेली असते. तुमच्याकडून आलेली उत्तरं जवळजवळ सारखी होती, आवृत्ती संपली, पुनर्मुद्रणाचा विचार नाही, हक्क आमच्याकडे आहेत पण सध्या काही सांगता येणार नाही. एका ठिकाणी तर फोनवरच्या माणसाला आपल्या संस्थेनं ते पुस्तक काढलं होतं हेच माहीत नव्हतं, मी त्याला साल आणि किंमत सांगितली.

पुढे वाळवा तालुक्यातली एक मुलगी पीएचडीच्या कामासाठी त्याच आठवणींच्या पुस्तकांपैकी एक शोधत आली. आमची प्रत गेलेली. तिनंच नंतर मला ते मोबाइलवर आणून दाखवलं, टेलिग्रामच्या एका ग्रुपवर मिळालेलं. कुठल्या तरी वाचनालयाच्या प्रतीवरून केलेलं स्कॅन होतं, आतल्या एका पानावर त्या वाचनालयाचा गोल शिक्का, अर्धा पुसट झालेला, बऱ्याच पानांच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला, काही पानं तिरकी, एक पान नाहीच. पण पुस्तक होतं. लेखक वारलेले, वारस कुठं आहेत ते प्रकाशकालाही सांगता येत नाही, छापील प्रत विकत मिळत नाही, आमची पुरात गेली, आणि त्या मुलीच्या हातात जे होतं ते तुमच्या पोस्टरच्या हिशोबानं चोरीचं. यात कोणाचं नुकसान झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा. मी ते पुस्तक घ्यायला तयार होते, ग्रंथखरेदीचे पैसे होते, विकायलाच कोणी नव्हतं. लेखकाची रॉयल्टी बुडाली म्हणावं तर रॉयल्टी कशावर मिळणार होती?

आणि ज्या कायद्यातलं कलम ६३ तुम्ही पोस्टरवर छापता त्याच कायद्यात कलम ५२ पण आहे, ते माझ्यासारख्यांनी वाचलेलं असतं. त्यात ग्रंथालयांसाठी दोन सवलती आहेत. एक, एखादं पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात. दुसरी २०१२ च्या दुरुस्तीनं आली, ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवून ठेवता येते. म्हणजे २०१९ च्या आधी आम्ही आमची दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ठेवली असती तर ते पूर्ण कायदेशीर होतं. किती वाचनालयांना हे माहीत आहे? तालुक्याच्या, गावाच्या वाचनालयांत हे सांगायला कोणी येत नाही, आणि तुमचं पोस्टर गेलं की जे थोडेफार स्कॅन करत होते तेही घाबरून बंद करतात, हे माझ्या ओळखीत घडलंय. साताऱ्याकडच्या एका लहान वाचनालयातल्या बाईंनी जुन्या अंकांचं स्कॅनिंग थांबवलं, का तर सेक्रेटरी म्हणाले उगाच केस नको.

आता सवलतीची मर्यादा पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढंच वाचलं. जतन करायला परवानगी आहे, ते स्कॅन वाचकाच्या मोबाइलवर पाठवायला नाही. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनं आपल्याकडच्या पुस्तकांची स्कॅन उधार द्यायला सुरुवात केली होती, तत्त्व असं की छापील प्रत एक तर स्कॅनही एकावेळी एकालाच. कोविडच्या काळात २०२० मध्ये त्यांनी ती एकाची अट काही दिवस काढून टाकली, चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले, २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला आणि पाच लाखांहून जास्त पुस्तकं त्यांना उधारीतून काढावी लागली. अट काढणं चूक होतं असं माझंही मत आहे. पण एक प्रत एक वाचक यात काय वाईट आहे ते मला आजपर्यंत पटलेलं नाही, छापील पुस्तकाचं आम्ही तेच तर करतो, एक माणूस घेऊन गेला की दुसरा थांबतो. तिकडचा निकाल इकडे बंधनकारक नाही आणि तुम्हाला कोर्टात जायचीही गरज नाही, तुमच्या एका लेखी परवानगीवर हे इथं सुरू होऊ शकतं. त्या मागणीवर नंतर येते.

हक्क आमच्याकडे आहेत हे वाक्य तुम्ही फोनवर फार सहज म्हणता म्हणून कलम १९ बद्दल. १९९४ ची दुरुस्ती १९९५ पासून लागू झाली, त्यानंतर झालेल्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेत असं धरलं जातं. पाच वर्षं. किती करारांत मुदत लिहिलीय, आणि मुळात किती लेखकांकडे कराराचा कागद आहे? आमच्या भागातले लिहिणारे लोक शेतकरी, शिक्षक, एसटीतले कंडक्टर, त्यांनी विश्वासावर हस्तलिखित दिलेलं असतं. अशा लेखकाच्या मुलानं उद्या स्वतः ई-बुक काढायचं म्हटलं तर तो तुम्हाला विचारायला येतो, महिनोन् महिने उत्तर येत नाही, तो नाद सोडून देतो. त्याला एवढं तरी कळूदे की हक्क बहुधा त्याच्याकडेच आलेले आहेत.

जिथं वारस सापडतच नाहीत तिथं कलम ३१अ आहे, सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाऐवजी कोर्टाकडून छापायची परवानगी, मागता येतो. पण त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात जाणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मराठीतल्या दीडशे पानी आठवणींच्या पुस्तकासाठी इंग्रजी पेपरात जाहिरात आणि मग वकील लावून कोर्ट! आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला हे जन्मात जमणार नाही. हक्काचा मालक पुस्तक छापायला नकार देतो म्हणून ते लोकांना मिळत नाही अशा वेळी कलम ३१ आहे, त्याची वाटही कोर्टातूनच जाते. कायद्यानं दार ठेवलंय पण ते आमच्या उंचीला नाही.

तिसरा प्रकार, म्हणजे कॉपीराइटच संपलेली पुस्तकं, तर साधा आहे आणि तरी त्यावर सगळ्यात जास्त गोंधळ. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं झाली की कॉपीराइट संपतो. आधी पन्नास होती, टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती म्हणून १९९२ मध्ये साठ केली. त्या हिशोबानं साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं. सांगलीचे खाडिलकर १९४८ ला गेले, २००९ पासून. हरिपूरचे देवल त्याच्या कितीतरी आधी. साताऱ्याजवळचं मर्ढे ज्यांच्या आडनावात आहे ते मर्ढेकर १९५६ ला गेले, २०१७ पासून त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. वाटेगावच्या अण्णाभाऊंचं लेखन १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल. हे माहीत नसल्यामुळे लोक मर्ढेकरांची कविता टाइप करून पाठवायला घाबरतात आणि कालच्या कादंबरीची पीडीएफ बिनधास्त पाठवतात, सगळं उलटं चाललंय. याला तुम्हीही जबाबदार आहात. संहिता मोकळी झालेली असते आणि नव्या आवृत्तीवर तुम्ही सरसकट 'सर्व हक्क राखीव' छापता. प्रस्तावना नवी असेल, टिपा असतील, चित्रं असतील तर तेवढ्यावर तुमचा हक्क आहे, मान्य, मग तसं लिहा ना. मूळ लेखन कॉपीराइटमुक्त, प्रस्तावनेचे हक्क अमक्याचे. एका ओळीचं काम आहे.

याच भागात सरकारनं काय केलंय ते बघा. वाईला विश्वकोश मंडळ, तर्कतीर्थांपासूनचं काम, वीस खंड, आज सगळे ऑनलाइन मोफत वाचता येतात. पाचगणीजवळ भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत जाऊन बसून वाचा, कोणी पैसे मागत नाही. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. आपल्याकडे कोणीतरी पदराला झळ सोसून पुस्तक, नाटक लोकांपर्यंत नेलंय म्हणून ते टिकलंय.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात लिहिते, कारण तो विषय स्वतंत्र पत्राचा आहे. आमच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुलं-मुली एमपीएससी करायला येऊन बसतात. त्यांच्या मोबाइलवर पीडीएफ भरलेल्या आहेत, झेरॉक्स काढून स्पायरल केलेली पुस्तकं बाकावर उघडी असतात, मी आंधळी नाही. एक मुलगा म्हणाला, मॅडम अख्खा सेट घेतला तर दोन महिन्यांची मेस जाते, आणि आवृत्ती बदलली की परत घ्यायचा. मी त्याला तू चोर आहेस असं म्हणू शकत नाही, तू बरोबर करतोयस असंही म्हणत नाही. वाचनालयात संदर्भासाठी जास्त प्रती ठेवते, रांग लावते, तेवढं माझ्या हातात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिसनी २०१२ मध्ये केस टाकली होती, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की शिकवण्यासाठी लागणाऱ्या भागाच्या झेरॉक्स काढून देणं कायद्यात बसतं, कॉपीराइट हा काही नैसर्गिक किंवा दैवी हक्क नाही. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस मागे घेतली. त्याचा अर्थ अख्खं गाइड स्कॅन करून विकावं असा होत नाही, पण शिकणाऱ्या माणसाची गरज कायद्यालाही दिसते एवढा नक्की होतो.

संशोधनाच्या जर्नलचंही तेच झालं. सायहब नावाच्या साइटवरून जगभरचे विद्यार्थी पेपर उतरवून घ्यायचे, मोठ्या कंपन्या २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टात गेल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये साइट भारतात ब्लॉक करायचा आदेश निघाला. पण तोवर केंद्र सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलेलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सुमारे १३ हजार जर्नल्स, सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना. सरकारनं मान्य केलं की नुसतं ब्लॉक करून भागत नाही, आधी मिळायची सोय करावी लागते. इंग्रजी जर्नलसाठी ही सोय होऊ शकते तर मराठी पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयांना का नाही, हा प्रश्न तुम्ही आणि आम्ही मिळून सरकारला विचारायला हवा होता. त्याऐवजी तुम्ही वाचकांना पोस्टर पाठवलं.

गाण्यांचं आठवा. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या प्रत्येक एसटी स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानावर पाटी असायची, 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'. पैसे द्यायचे, कार्ड द्यायचं, तो कॉम्प्युटरला लावून लावण्या, भक्तिगीतं, हिंदी, सगळं फोल्डर करून भरून द्यायचा. पूर्ण बेकायदेशीर, उघड्यावर, पोलीस चौकीच्या शेजारी. आता ती पाटी कुठं दिसते? कोणी धाड टाकून ती काढली नाही. स्वस्तात नाहीतर जाहिरात ऐकून फुकट गाणं मिळायला लागलं आणि धंदा आपोआप बसला. त्याआधी अमेरिकेत इंटरनेटवरून गाणी फुकट देवाणघेवाण करायचं नॅपस्टर १९९९ ला सुरू झालं, २००१ ला कोर्टानं बंद पाडलं, तरी गाणी फिरायची थांबली नाहीत, मग २००३ पासून तिकडच्या म्युझिक कंपन्यांनी साध्या लोकांवर केसेस टाकल्या, विद्यार्थ्यांवर, घरातल्या बायकांवर, आणि २००८ च्या शेवटी नव्या केसेस टाकणं थांबवतो म्हणाल्या. पाच वर्षं आपल्याच ऐकणाऱ्यांशी भांडून काय मिळवलं. तुम्ही त्याच वाटेनं निघालाय असं मला दिसतंय आणि तुमच्याकडे तर त्यांच्याएवढे पैसेही नाहीत. मराठी वाचक हा मोजका आहे, पुस्तक घेणारा आणि पीडीएफ पाठवणारा हा बऱ्याचदा एकच माणूस असतो, जत्रेतल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून पाचशेची पुस्तकं घेऊन जाणारा आणि घरी जाऊन एक जुनी पीडीएफ मित्राला पाठवणारा. त्याला घाबरवलंत तर तो पीडीएफ पाठवायचा थांबेलच असं नाही, पण स्टॉलवर यायचा थांबेल.

आता माझी मागणी. प्रत्येक प्रकाशकानं आपण आजवर काढलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी जाहीर करावी, कुठलं मिळतं, कुठलं संपलं, कुठल्याचे हक्क आपल्याकडे आहेत आणि कधीपर्यंत. जे मिळतं त्याची पीडीएफ दिसली तर आम्हाला कळवा, आमच्यासारखी वाचनालयं आणि वाचकांचे ग्रुप ती काढायला तुमच्या बरोबर उभे राहतील, मी तर राहीनच. जे दहा वर्षांत परत छापलं नाही आणि छापायचंही नाही त्याचं ई-बुक करा. तेही परवडत नसेल तर हक्क लेखकाला किंवा वारसांना लेखी परत द्या. आणि हक्क सोडायचे नसतील तर सार्वजनिक वाचनालयांना एवढी परवानगी द्या की आमच्याकडची किंवा दुसऱ्या वाचनालयाकडून आणलेली प्रत आम्ही आमच्या खर्चानं स्कॅन करतो आणि सभासदाला एकावेळी एकालाच, ठराविक दिवसांसाठी वाचायला देतो, डाउनलोड न करता. दर वाचनामागे दोन-पाच रुपये लेखकाच्या नावावर जमा करायचे असतील तर तेही करू, सभासद देतील, मी विचारून बघितलंय. ज्या दिवशी तुम्ही पुस्तक परत छापाल त्या दिवशी आम्ही स्कॅन बंद करू आणि छापील प्रती विकत घेऊ.

परवानगीच्या पत्राचा एक पानी मसुदा मी एका वकील सभासदांकडून तपासून घेतलाय. सोबत पुरात गेलेल्या आणि आता कुठंच विकत न मिळणाऱ्या पुस्तकांची आमची यादी आहे, लेखक, साल, प्रकाशक, दाखल क्रमांक सगळं दिलेलं. दोन्ही कागद तुमच्यापैकी ज्यांची पुस्तकं त्या यादीत आहेत त्यांना या आठवड्यात पोस्टानं पाठवतेय, रजिस्टर्ड. हो किंवा नाही, जे असेल ते पुस्तकाच्या नावासमोर लिहून, सही-शिक्का मारून परत पाठवा. आलेली उत्तरं, हो असो वा नाही, वाचनालयाच्या नोटीस बोर्डावर यादीशेजारी लावायची परवानगी मी कार्यकारिणीकडे मागितली आहे.

कळावे,
आपली,
सार्वजनिक वाचनालयातली एक ग्रंथपाल
गावभाग, सांगली